पाण्याची पाळी कुणाची?

लोगोन नदी कॅमेरून आणि चाड या देशांच्या सीमेवरून वाहते. पावसाळ्यात ती पात्राबाहेर पसरते आणि आजूबाजूचं सपाट रान पाण्याखाली जातं. पाणी ओसरू लागलं की मुसगुम समाजातले मासेमार त्या रानात चर खणतात. ओसरणारं पाणी चरात उतरतं, सोबत मासे येतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. त्याच रानात शोआ अरब पशुपालक आपली गुरं पाण्यावर आणतात. चराच्या कडेला चिखल असतो, तहानलेली गाय उतरली की रुतून बसते. चांगल्या वर्षी गुरं बाजूने वळवून नेता येतात. पाणी कमी पडलं की चर वाढतात, खोल होतात, आणि गुरांना दुसरी वाट उरत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये यावरून हाणामारी झाली आणि माणसं मेली. ५ डिसेंबरला उलुम्सा या गावात वाद पुन्हा पेटला. शेजारची गावं जळाली. तीन दिवसांत लोण कुसेरी शहरापर्यंत पोचलं. महिना संपायच्या आत सुमारे एक लाख माणसं घरदार सोडून पळाली होती. त्यातली बरीचशी नदी ओलांडून चाडमध्ये गेली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं.

अशा घटनेला ‘पाण्यावरून दंगल’ म्हणून आपण पुढे जातो. मला ते पटत नाही. टंचाई आणि काठी उगारलेला हात यांच्यामध्ये बरंच काही घडत असतं, आणि जीव वाचवायचे तर तिथेच पाहायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे दुष्काळ सगळ्यांच्या दारात एकाच दिवशी येत नाही. पाऊस हुकला की आधी मातीतली ओल जाते आणि कोरडवाहू शेतकरी बुडतो. मग ओढे, तलाव आटतात. भूजल सहसा सगळ्यात शेवटी खाली जातं. म्हणजे एकाचं पीक करपलेलं असताना शेजाऱ्याचा पंप चालूच असतो. त्यात भर घालतो भूजलाचा स्वभाव. विहिरीतून उपसा सुरू झाला की तिच्या भोवतीची पाण्याची पातळी सपाट राहत नाही. विहिरीकडे उतरत जाणारा, शंकूच्या आकाराचा खळगा तयार होतो. उपसा जितका जोराचा, तितका हा खळगा खोल आणि रुंद. शेजारची उथळ विहीर त्यात सापडली की कोरडी पडते, जमिनीत पाणी असूनही. खळगा कुणाला दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की त्याची मोटर चालते आणि माझी विहीर खडखडीत आहे.

पुढचा प्रश्न ऐपतीचा. सीरियात २००६ ते २०१० या काळात भीषण दुष्काळ होता. ऐन त्यात, मे २००८ मध्ये, सरकारने डिझेलचं अनुदान कापलं आणि दर एका झटक्यात तिपटीहून वर गेला. डिझेलच्या पंपांवर शेती करणाऱ्यांना असलेलं पाणीही वर काढणं परवडेना. हजारो कुटुंबांनी शहरांची वाट धरली. २०११ च्या उठावात या स्थलांतराचा वाटा किती, यावर संशोधकांत आजही वाद आहे. पण त्या कुटुंबांचं बिऱ्हाड हललं त्यात पावसाइतकाच सरकारी निर्णयाचाही हात होता.

उत्तर केनियातल्या मार्साबित भागाचा अभ्यास वाचला तेव्हा मी चकित झालो होतो. कारेन विट्सेनबुर्ग आणि वारिओ अडानो यांनी गुरं पळवण्याच्या हल्ल्यांत मेलेल्यांच्या नोंदी पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. दुष्काळी वर्षांपेक्षा चांगल्या पावसाच्या वर्षांत दुपटीहून जास्त माणसं मारली गेली होती. पाऊस झाला की गुरं धडधाकट असतात, लांबवर हाकता येतात, आणि लपायला झाडोरा असतो. दुष्काळात मात्र लोक वैर बाजूला ठेवून एकमेकांच्या विहिरी धरून राहतात.

ते कसं जमतं, हे शेजारच्या दक्षिण इथिओपियात बोराना लोकांच्या तुला विहिरींवर दिसतं. या विहिरी इतक्या खोल की माणसं एकाच्या वर एक उभी राहून बादल्या हातोहात वर देतात, आणि लय चुकू नये म्हणून गातात. वर कुणाची गुरं आधी आणि कुणाची नंतर, हे ‘आब्बा हेरेगा’ ठरवतो. शब्दशः अर्थ, पाळीचा बाप. त्याचा शब्द सगळे मानतात.

असा शब्द मानला जाणारा माणूस नाहीसा झाला तर? सुदानच्या दारफुरमध्ये शेतकरी आणि पशुपालक यांच्यात वर्षानुवर्षं ठरलेल्या वाटा होत्या. कळप कधी, कुठून जायचे, नासधूस झाली तर भरपाई किती, हे गावप्रमुख बसून मिटवत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुदानचे राष्ट्राध्यक्ष निमेरी यांच्या सरकारने ही जुनी व्यवस्था मोडली. पुढे १९८४ चा दुष्काळ आला, कळप वेळेआधी शेतात शिरले, आणि तंटा घेऊन जायला जागाच नव्हती. नंतर सरकारने एका बाजूच्या टोळ्यांना शस्त्रं दिली. २००३ मध्ये सुरू झालेल्या कत्तलीचा दोष नुसत्या पावसावर टाकणं म्हणजे गुन्हेगारांना मोकळं सोडणं आहे.

विश्वास आटला की ठिणगी अगदी क्षुल्लक गोष्टीची पडते. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानच्या सीमेवर गोलोव्नोय इथे इस्फारा नदीचं पाणी कालव्यांत वाटलं जातं. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या खांबावर कॅमेरा बसवण्यावरून वाद झाला. पाणी कोण किती घेतंय यावर पाळत, असा त्याचा अर्थ लावला गेला. आधी दगड, मग बंदुका. दोन्हीकडची मिळून पन्नासहून अधिक माणसं मेली.

स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाणी न्यायालय बसतं. काळे अंगरखे घातलेले न्यायाधीश हे स्वतः शेतकरी असतात, आपापल्या कालव्यावरच्या लोकांनी निवडून दिलेले. सगळा कारभार तोंडी. शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारून तक्रार आहे का विचारतो. असली तर तिथल्या तिथे ऐकून निकाल देतात. बऱ्याच गुरुवारी कुणीच पुढे येत नाही, आणि काही मिनिटांत सगळे उठून घरी जातात.