खडी, बोरू आणि मैलापाणी: कृत्रिम पाणथळींची पार्श्वभूमी

कृत्रिम पाणथळ म्हणजे खडी भरून बोरूसारख्या पाणवनस्पती लावलेला वाफा; त्यातून मैलापाणी सोडून ते स्वच्छ करतात. मैलापाण्यात झाडं जगतील आणि वर ते पाणी स्वच्छही करतील, हे १९५०च्या दशकात इंजिनिअरांच्या गळी उतरत नव्हतं. जर्मनीत प्लोन येथील माक्स प्लांक संस्थेतल्या केटे सायडेल यांनी तरीही पाणवनस्पतींवरचे प्रयोग नेटाने चालू ठेवले. या वनस्पतींच्या दाटीतून गेलेल्या पाण्यात कोलिफॉर्म (आतड्यातले, मैल्याची खूण ठरणारे जिवाणू), साल्मोनेला हे जंतू नाहीसे होतात, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे रोगजंतूंचा विचार या तंत्रात पहिल्यापासून होता. पुढे प्रकल्पाचं यश मुख्यतः बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या आकड्यावर ठरू लागलं आणि जंतू मागे पडले. या इतिहासात मला हेच सर्वाधिक खटकतं.

सायडेल यांच्याबरोबर काम केलेल्या राइनहोल्ड किकुथ यांनी खडीऐवजी चिकण माती वापरली. १९७४मध्ये जर्मनीतल्याच ओथफ्रेझेनला त्यांच्या पद्धतीचा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. मुळं पसरली की माती मोकळी होईल, हा त्यांचा होरा. तसं झालं नाही. पाणी मुरेना, वरूनच वाहू लागलं. आणि मैलापाणी उघड्यावर आलं की डास आणि माणसांचा संपर्क आलाच. १९८०च्या दशकात ब्रिटनने हे तंत्र उचललं तेव्हा मातीच्या जागी खडी घातली, नि तीच रुळली.

खडीतून पाणी पृष्ठभागाखालून सावकाश सरकतं. जंतांची अंडी त्यात अडकून बसतात. जिवाणू खडीवरच्या बुळबुळीत थराला चिकटतात, तिथले एकपेशीय जीव त्यांना खातात. विषाणूंचा भरवसा त्यामानाने कमी. चांगल्या वाफ्यात ई. कोलाय (कोलिफॉर्मपैकीच एक) साधारण ९० ते ९९ टक्के घटतात. ऐकायला भरघोस वाटतं. पण १०० मिलिलिटर मैलापाण्यात कोटभर कोलिफॉर्म असू शकतात, त्यातले ९९ टक्के गेले तरी लाखभर उरले! कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९मध्ये घातलेली मर्यादा होती १०० मिलिलिटरला १,०००.

भारतात १९९०च्या दशकात नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) भुवनेश्वरच्या सैनिक शाळेत असा प्रकल्प केला; उज्जैनलाही बोरूच्या जातीचं गवत लावून प्रयोग झाले. ‘नीरी’चंच ‘फायटोरिड’ हे अशाच वाफ्यांचं तंत्र पुढे मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आलं. अशा वाफ्यांत आपल्याकडे कर्दळही लावतात. वाफ्याआधी मैलापाणी निवळवणाऱ्या टाकीतला गाळ वेळच्या वेळी उपसला नाही, तर खडी तुंबते आणि ओथफ्रेझेनची गत होते. वाफ्यातून आलेलं पाणी शोभेच्या झाडांना घालायला हरकत नाही. कोथिंबीर-मुळ्याला द्यायचं, तर पुढे उथळ तळं किंवा क्लोरिन लागतंच.