सव्वादोन मीटरची दांडी आणि वीतभराची दांडी

गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला तारेने आवळलेला एखादा लोखंडी पाइप अजूनही दिसतो. टोकाला ॲल्युमिनियमच्या दोन-तीन आडव्या दांड्या असतात. त्यातली एक कावळे बसून बसून वाकलेली, एक केव्हाच गळून पडलेली. मधल्या दांडीला टेप लावली तर माप 2.2 मीटरच्या आसपास भरतं. हे माप वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्यावरून आलेलं आहे. घरच्या टीव्हीला कुठला अँटेना घ्यावा याचं निम्मं उत्तर त्या मापात आहे, आणि आजही खरेदीत घोळ होतो तो तिथेच.

दिल्लीत दूरदर्शन 15 सप्टेंबर 1959 ला सुरू झालं. मुंबईचा नंबर लागला 2 ऑक्टोबर 1972 ला. वरळीचा मनोरा सुमारे 300 मीटर उंच, आणि प्रक्षेपण चॅनेल 4 वर, म्हणजे 61 ते 68 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. चित्र 62.25 वर, आवाज 67.75 वर. अँटेनाची दांडी अर्ध्या तरंगलांबीची लागते आणि तिचा हिशेब सोपा आहे: 142.5 ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. पट्ट्याचा मध्य 64.5 धरला तर 2.21 मीटर. मागची परावर्तक दांडी याहून साधारण 5 टक्के लांब, पुढची तेवढीच आखूड. अँटेनाची ही जात यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी 1920 च्या दशकात काढली. आपल्याकडे ती सरसकट 'टीव्हीचा अँटेना' याच नावाने ओळखली गेली.

मधली दांडी दुहेरी, हेअरपिनसारखी वळवलेली असे. ती शोभेसाठी नव्हे. साध्या दांडीचा रोध 75 ओहमच्या आसपास असतो, दुमडली की चौपट, म्हणजे 300 ओहम होतो. गच्चीवरून खाली येणारी चपटी वायर 300 ओहमची, टीव्हीच्या मागचे दोन स्क्रूही 300 ओहमचे. तिन्ही जुळले की मधे काही लावायची गरज नाही. स्वस्तात मस्त मामला, फक्त चपटी वायर नाजूक. तिच्या दोन तारांमधला सिग्नल फक्त वायरच्या आत नाही, भोवतीच्या हवेतही असतो. त्यामुळे ती पाइपला चिकटपट्टीने गुंडाळली, खिडकीच्या लोखंडी गजांतून घेतली किंवा पावसात भिजली, की सिग्नल वाटेतच मुरायचा. जुलैत पडद्यावरच्या मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, वाढायच्या त्या ढगांमुळे नव्हे, ओल्या वायरमुळे. जाणकार कारागीर ती पाइपपासून चार बोटं दूर, प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर धरत आणि फूटभरात एखादा पीळ देत.

मग दिशा. दांड्यांची आडवी बाजू मनोऱ्यासमोर हवी आणि आखूड दांडी त्याच्याकडे. दादरहून वरळी पश्चिमेला, बोरिवलीहून दक्षिणेला, ठाण्याहून नैर्ऋत्येला, पनवेलहून पश्चिमेला. बोरिवली आणि ठाणे दोन्ही हवाई अंतराने 25 किलोमीटरच्या आसपास, तिथे तीन दांड्या पुरत. कल्याण 40 च्या घरात आणि मधे पारसिकचा डोंगर. तिथे पाच दांड्या, उंच पाइप आणि सिग्नल वाढवणारा बूस्टर असा सरंजाम लागे. अंतरापेक्षा आडोसा वाईट. मलबार हिलच्या दक्षिण उतारावर, वरळीपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर चित्र खराब येई, तेही याच कारणाने.

एक गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर आणि "आला का?"च्या हाका, हे दृश्य सगळ्यांना पाठ आहे. चित्र झकास आलं म्हणून वरच्याने हात सोडला की पुन्हा मुंग्या! यात भुताटकी नव्हती. 64 मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी जवळपास माणसाच्या उंचीएवढी, त्यामुळे पाइप धरून उभा राहिलेला माणूस स्वतःच एक जादा दांडी व्हायचा. उपाय एकच: अँटेना फिरवायचा, दोन पावलं मागे सरायचं आणि मग विचारायचं.

मुंबईची खास व्याधी म्हणजे चित्राची सावली. सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला आणि पुढे उपनगरांतही उंच इमारती उभ्या राहत गेल्या. मनोऱ्याकडून थेट आलेल्या लहरीबरोबर इमारतीवर आपटून आलेली लहरही अँटेनात शिरे. तिचा प्रवास लांबचा, म्हणून ती उशिरा पोचे आणि पडद्यावर उजवीकडे दुसरं फिकं चित्र उमटे. 20 इंची टीव्हीवर 300 मीटरचा जादा प्रवास म्हणजे साधारण 8 मिलिमीटरची सावली. सावली 16 मिलिमीटर असेल तर लहर 600 मीटरचा वळसा घालून आली, हे घरात पट्टी लावून सांगता येई. यावर बूस्टर कामाचा नाही. तो खऱ्या चित्राबरोबर सावलीही फुगवतो. कामाला येतात त्या जास्त दांड्या, कारण त्यांनी अँटेनाची नजर अरुंद होते. कधी मनोऱ्यापासून जरा तिरकं धरून त्रासदायक इमारतीला नजरेबाहेर काढणंही जमे.

त्याच पट्ट्याचा दुसरा त्रास ठिणग्यांचा. खालून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांच्या आडव्या रेघा धावायच्या. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला स्पार्क प्लग, मिक्सर, ट्यूबलाइटचा चोक असं सगळं ऐकू जातं. मे महिन्यात अरबी समुद्रावरच्या हवेच्या थरांतून शेकडो किलोमीटर दूरची स्टेशनंही डोकावून जात.

1982 मध्ये रंग आले आणि जुन्या अँटेनांची परीक्षा झाली. रंगाची माहिती चित्राच्या वर 4.43 मेगाहर्ट्झवर, म्हणजे मुंबईत 66.68 वर असते. दांडी अंदाजाने लांब कापलेली असेल तर अँटेना 62 च्या बाजूला चांगला आणि 67 च्या बाजूला मंद. कृष्णधवल टीव्हीवर हे कळलंच नव्हतं. नव्या रंगीत टीव्हीवर मात्र चित्र स्वच्छ पण रंग ये-जा करणारे, आणि दोष टीव्हीच्या माथी. दांडीची टोकं तीन-चार सेंटिमीटर कापून हा प्रश्न सुटल्याची उदाहरणं त्या काळच्या दुरुस्तीवाल्यांना नवी नव्हती.

1985 मध्ये मुंबईत दुसरं चॅनेल आलं, त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी. चॅनेल 4 च्या मापाने कापलेला अँटेना त्याला चपखल बसणं शक्य नव्हतं. पण ही कटकट फार काळ टिकली नाही. 1991 च्या आखाती युद्धानंतर केबल पसरली, 1995 मध्ये तिचा कायदा झाला आणि गच्चीवरचे पाइप केबलवाल्यांच्या वायरी ताणायच्या कामाला आले. 31 ऑक्टोबर 2012 नंतर मुंबईत केबललाही सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला.

25 फेब्रुवारी 2016 ला दूरदर्शनने मुंबईसह 16 शहरांत डीव्हीबी-टी2 हे डिजिटल प्रक्षेपण जाहीर केलं. अँटेनावर दूरदर्शनची पाच चॅनेल, महिन्याचं भाडं शून्य. मात्र हे प्रक्षेपण 470 मेगाहर्ट्झच्या वरच्या, यूएचएफ पट्ट्यातलं. तोच हिशेब करा, उदाहरणादाखल 530 मेगाहर्ट्झ धरून: 142.5 भागिले 530, उत्तर 27 सेंटिमीटर. सव्वादोन मीटरची दांडी वीतभरावर आली. त्यामुळे 'आजोबांचा अँटेना अजून शाबूत आहे, त्यालाच नवा टीव्ही जोडू' हा बेत फसतो. त्या दांड्या आठपट खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी कापलेल्या आहेत. टीव्हीवर ठेवायचा दोन कांड्यांचा अँटेना घरात असेल तर कांड्या पूर्ण ओढू नका, प्रत्येकी 13-14 सेंटिमीटरवर ठेवा. लांब तेवढं चांगलं, ही समजूत जुन्या पट्ट्याची शिल्लक आहे.

खरेदीआधी टीव्हीच्या माहितीपत्रकात 'डीव्हीबी-टी2' हे शब्द आहेत का ते बघा. भारतात विकलेल्या अनेक टीव्हींत फक्त जुना ॲनालॉग ट्यूनर असतो. ते शब्द असतील तर 26-27 सेंटिमीटरची वायरची दांडी मधोमध कापून केबलला जोडा, मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीत धरा आणि ऑटो स्कॅन चालवा. आधी आडवी, मग उभी. काहीतरी सापडलं तरच पैसे खर्च करा. वरळी, दादर, वांद्र्यात मनोरा दिसत असेल तर खिडकीतला छोटा यूएचएफ अँटेना पुरतो. उपनगरांत किंवा समोर टॉवर असेल तर बाहेर 10 ते 14 दांड्यांचा यागी लावावा. चपटी वायर विसरा. आरजी-6 ही 75 ओहमची गोल केबल घ्या आणि दुमडलेली दांडी असेल तर 300 ते 75 ओहमचा बालून, म्हणजे दोन्ही रोध जुळवणारा छोटा जोड, लावा. 500 मेगाहर्ट्झला आरजी-6 मध्ये 100 मीटरला साधारण 15 डेसिबल जातात, म्हणजे सातव्या मजल्यापर्यंतच्या 20 मीटरला 3, अर्धा सिग्नल. एका अँटेनावर दोन टीव्ही चालवले तर वाटणाऱ्या डबीत आणखी साडेतीन. बूस्टर लावायचाच तर अँटेनापाशी. टीव्हीपाशी लावलेला बूस्टर केबलमध्ये हरवलेलं परत आणत नाही, सोबतचा गोंगाट मात्र वाढवतो. वरळीच्या कुशीत राहणाऱ्यांनी तो मुळीच लावू नये. जादा सिग्नलनेही टीव्ही गुदमरतो.

डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत, सावल्याही नाहीत. उशिरा आलेली लहर या पद्धतीत बऱ्यापैकी पचवली जाते. पण इशाराही मिळत नाही. चित्र चौकोनांत फुटतं, थिजतं आणि जातं. म्हणून दिशा लावताना टीव्हीच्या मेनूतल्या सिग्नलच्या दोन पट्ट्यांपैकी 'क्वालिटी'ची बघायची. 'स्ट्रेंग्थ' भरलेली आणि 'क्वालिटी' डगमगणारी असेल तर बहुधा परावर्तन किंवा बूस्टरचा अतिरेक असतो.

खाऱ्या हवेत सगळ्यात आधी जातो तो केबलचा जोड. तांब्यावर हिरवट थर चढला की पहिल्याच पावसात क्वालिटी घसरते. बाहेरच्या जोडावर ब्यूटाइल रबरची टेप ताणून, खालून वर अशी गुंडाळावी, म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी ओघळून जातं. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोकणारा एक वळसा द्यावा, थेंब तिथून गळतात. चार वर्षांनी जोड कापून नवा करावा. त्यासाठी बाहेर अर्धा मीटर केबल आधीच राखून ठेवावी.