बोर्डावर 80 होते, हातात 52 का आले? (आमचं रेसबुक, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांच्या माहितीचं पुस्तक, घेणाऱ्यांसाठी)

पुण्याचा घोड्यांच्या रेसचा सीझन जुलैत सुरू झाला की दर रेसनंतर आमच्या टेबलापाशी कोणीतरी तिकीट नाचवत येतंच, "काका, मी तिकीट काढलं तेव्हा बोर्डावर दहा रुपयांना 80 दिसत होते, खिडकीवर 52 च दिले, तुमचं पुस्तक चुकलं." पुस्तक नाही चुकलं हो. पण हे समजावता समजावता पुढची रेस सुटते आणि चार गिऱ्हाईकं पुस्तक न घेताच आत जातात, म्हणून शेवटी हा कागद छापला, पुस्तकासोबत फुकट.

टोटवर (रेसकोर्सच्या बेटिंग खिडकीवर) तिकीट काढलं म्हणजे भाव पक्का झाला असं नसतं. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकाच डब्यात जातात. समजा विनच्या पूलमध्ये (पहिला येणाऱ्या घोड्यासाठीच्या डब्यात) 1 लाख जमले आणि त्यातले 20 हजार कापले गेले (आकडा फक्त उदाहरणापुरता), उरले 80 हजार. जिंकलेल्या घोड्यावर सगळ्यांचे मिळून 20 हजार लागले असतील तर दहाच्या तिकिटाला 40. आता तुम्ही तिकीट खिशात घालून वडापाव खायला गेलात आणि तेवढ्यात त्याच घोड्यावर बाकीच्यांनी जोरात पैसे ओतले तर वाटेकरी वाढले, भाव उतरला, बोर्ड तेव्हाचा होता आताचा नाही. रेस सुटेपर्यंत तो हलतच राहतो. रिंगमधल्या (बुकी उभे असतात त्या जागेतल्या) बुकीकडे, म्हणजे स्वतःचा भाव देऊन पैज घेणाऱ्याकडे, मात्र चिठ्ठीवर जो भाव लिहिला तोच मिळतो, मधेच एखादा घोडा विड्रॉ झाला (रेसमधून काढला) तर कपात होते तेवढं सोडून. ज्याला हलता भाव सोसत नाही त्याने रिंगमध्ये जावं, आमच्याशी भांडू नये.

आणि टोटचे दहाला 40 म्हणजे बुकीचा 4 चा भाव नाही!! टोटच्या 40 मध्ये तुमचे दहा धरलेले असतात, नफा 30, म्हणजे बुकीच्या भाषेत 3. बुकीचा 4 म्हणजे रुपयाला 4 नफा आणि वर तुमचा रुपया परत. अमेरिकेत 2022 च्या केंटकी डर्बीत रिच स्ट्राइक नावाचा घोडा, जो आदल्या दिवशी दुसरा घोडा विड्रॉ झाला म्हणून आत आला, 80.80 च्या भावाने जिंकला आणि 2 डॉलरच्या तिकिटाला 163.60 मिळाले, कारण त्यात ते 2 पण आले. फेव्हरेट एपिसेंटर दुसरा.

त्यावरून आठवलं, "फेव्हरेट छापलात आणि हरला" ही तक्रार पण बंद करा. फेव्हरेट म्हणजे पब्लिकचे सगळ्यात जास्त पैसे ज्याच्यावर तो, बस. बुकीचा भाव 4 म्हणजे जिंकण्याचा चान्स पाचात एक, 20 टक्के. 9 म्हणजे दहात एक. बरोबरीचा (रुपयाला रुपया नफा) म्हणजे 50 टक्के, म्हणजे हरण्याचेही तेवढेच. पाच घोड्यांचे भाव बरोबरी, 3, 4, 9, 9 असतील तर टक्के होतात 50, 25, 20, 10, 10, बेरीज 115. 100 च्या वरचे 15 बुकीचे, तो काय समाजसेवा करायला उभा नाही. म्हणून 9 च्या घोड्याला दहात एकापेक्षा जास्त चान्स आहे असं तुम्हाला खरंच वाटत असेल तरच तो घ्या, नुसता फ्लूक लागेल म्हणून नको.

हे वाटणं कुठून येणार, तर मागच्या रेसेस, वजन, अंतर, जॉकी बघून. ते सगळं आमच्या पुस्तकात आहे. गेटबाहेर चिठ्ठीवर तीन नंबर लिहून विकतात तसल्या टिप्स आम्ही देत नाही, मागू पण नका. दर घोड्यासमोर शेवटचा रकाना मुद्दाम कोरा ठेवलाय, त्यात तिकीट काढतानाचा भाव लिहा आणि रेसनंतर मिळालेला. तीन-चार रविवार लिहिलंत की कोणत्या घोड्यांचे भाव शेवटी पडतात ते तुमचं तुम्हालाच कळेल. सीझनभराचे पैसे आधी भरले तर पुस्तक आदल्या संध्याकाळी मिळतं, सकाळची घाई वाचते.

एवढं वाचूनही हिशोब जुळला नाही तर तिकीट घेऊन शेवटच्या रेसनंतर या. दोन रेसच्या मधे नाही.