चरबीचा भाव आणि बक्षिसाचा गोऱ्हा

खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार खोंड घ्यायला आलेला शेतकरी आधी खूर बघतो, मग चाल, मग शिंगं. जनावर औताला किंवा गाडीला जुंपायचं, म्हणून नजर पायांकडे. इंग्लंड-अमेरिकेतल्या पशुप्रदर्शनात पंच सरळ बरगडीवर हात ठेवतो. तिथला बक्षिसाचा गोऱ्हा लहानपणीच खच्ची केलेला असतो. त्याला स्टिअर म्हणतात, आणि तो खाटकासाठीच वाढवलेला असतो. पंच चाचपतो ती कातडीखालची चरबी. ती किती असावी, याचं उत्तर मात्र गेल्या सव्वादोनशे वर्षांत पार उलटं झालं. खुराकही त्या उत्तराच्या मागून बदलत गेला.

अठराव्या शतकाच्या शेवटी चरबी म्हणजे पैसा होता. मेणबत्त्या तिच्या, साबण तिचा, आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या पोटालाही तीच. लेस्टरशायरमधल्या डिशली गावच्या रॉबर्ट बेकवेलने निवडक पैदाशीने लवकर चरबी धरणारी मेंढरं तयार केली, आणि जमीनदारांत वजनाची चढाओढ लागली. १७९८ साली लंडनच्या स्मिथफिल्ड या जनावरांच्या बाजाराच्या नावाने पशुपालकांची संस्था निघाली. बेडफर्डचा ड्यूक तिचा पहिला अध्यक्ष. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये पहिलं प्रदर्शन भरलं. गवत, सलगम, कोबीवर पोसलेली जनावरं एका गटात आणि धान्य-पेंडीवर पोसलेली दुसऱ्या गटात, अशी तिथली विभागणी होती. 'कशावर पोसलं?' हा प्रश्न म्हणजे पहिल्या दिवसापासून स्पर्धेचा भाग.

त्या काळचं सगळ्यात गाजलेलं जनावर म्हणजे डरहॅमचा बैल. डार्लिंग्टनजवळ केटनला १७९६ साली जन्मलेला. १८०१ मध्ये जॉन डे नावाच्या माणसाने तो २५० पौंडांना घेतला, खास गाडीत घातला आणि गावोगाव तिकीट लावून दाखवत सुटला. दोन महिन्यांत २००० पौंडांची बोली आली, ती त्याने नाकारली. हिशोब त्याचाच बरोबर ठरला, कारण पुढे जवळजवळ सहा वर्षं बैल फिरत राहिला. १८०७ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला त्याचा कुल्ल्याचा सांधा निखळला, आणि एप्रिलमध्ये त्याला कापावं लागलं.

या जनावरांची चित्रं आज बघितली की हसू येतं: चौकोनी धड, काड्यांसारखे पाय, इवलंसं डोकं. चित्रं खोटी असायची ती मालकांच्या हौसेपायी. लाकडावर कोरीव चित्रं करणारा टॉमस ब्यूइक याला मालकांनी सांगितलं, इथे इथे चरबीचे गोळे दाखव. जे दिसत नाही ते काढणार नाही, असं त्याने ऐकवलं. काम अर्थातच दुसऱ्यांकडे गेलं.

अमेरिकेत हा खेळ शिकागोच्या युनियन स्टॉकयार्ड्स या जनावरांच्या मोठ्या बाजाराभोवती वाढला. १९०० साली तिथे आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शन सुरू झालं. पहिला महाविजेता ॲडव्हान्स हा अँगस जातीचा स्टिअर पौंडाला दीड डॉलरने विकला गेला. चांगल्या जनावराला तेव्हा पौंडामागे काही सेंटच मिळत. असा दर मिळणार म्हटल्यावर खुराकात कसर कोण ठेवतो? मका, ओट, शिजवलेली बार्ली, अंगावर तकाकी यावी म्हणून अळशीची पेंड, चवीला मळी. आणि वासरू मोठं झालं तरी त्याला पाजायला वेगळी दाई गाय.

खरी गोम चरबी चढण्याच्या क्रमात आहे. ती आधी मूत्रपिंडाभोवती साठते, मग स्नायूंच्या मध्ये आणि कातडीखाली, आणि सगळ्यात शेवटी स्नायूच्या आत बारीक पांढऱ्या रेषांनी उतरते. गिऱ्हाईक चवीचे पैसे मोजतं ते या रेषांसाठी. पण त्या येईपर्यंत दाणा चालू ठेवला की पाठीवरचा थरही जाड होतो, आणि तो खाटकाला कापून टाकावा लागतो. जनावर नेमकं कधी 'तयार' झालं हे ओळखायला प्रदर्शनात उतरणाऱ्या पोरांना शिकवतात ती युक्ती सोपी आहे. मूठ वळून बोटांच्या पेरांवरून हात फिरवा: बरगड्या तशा लागल्या तर अजून कच्चं. हाताच्या पाठीसारख्या लागल्या तर बरोबर. अंगठ्याखालच्या गादीसारख्या लागल्या तर दाणा वाया गेला.

पंचांचा हात दरवेळी खरं बोलतोच असं नाही. म्हणून मांसाची स्पर्धा वेगळी ठेवली जाते. कापलेलं धड थंड खोलीत टांगतात, बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये चीर देतात. स्नायू किती मोठा आहे हे कळायला उघड्या स्नायूवर ठिपक्यांची पारदर्शक पट्टी ठेवून ठिपके मोजायचे, शेजारी चरबीच्या थराला मोजपट्टी लावायची. रिंगणातला पहिला नंबर इथे कितीदा तरी घसरतो.

मधल्या काळात पंचांनी एक मोठी चूक केली, असं माझं स्पष्ट मत आहे. १९४० आणि ५० च्या दशकांत त्यांना बुटकी, गुटगुटीत, जमिनीलगतची जनावरं आवडू लागली. त्या निवडीबरोबर हेरफर्ड आणि अँगस कळपांत खुजेपणाचा आनुवंशिक दोष पसरला आणि पैदासकार हवालदिल झाले. इकडे वनस्पती तेलं आणि डिटर्जंट आल्यावर जनावराच्या चरबीचा भाव कोसळला होता. १९६५ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने धडातून विकण्याजोगं मांस किती निघेल यावर १ ते ५ श्रेणी लावल्या. १९६९ साली शिकागोत कोनोको नावाचा उंच, सडसडीत, शॅरोले (फिकट रंगाची फ्रेंच जात) आणि अँगस यांचा संकर महाविजेता ठरला. जुन्या मंडळींना तो धक्काच होता.

तेव्हापासून लबाडीचीही दिशा बदलली. १९७२ मध्ये डेन्व्हरच्या पशुप्रदर्शनातला महाविजेता काळा अँगस मॅकडोनाल्ड्सने विकत घेतला, त्यांच्या बर्गरवरून त्याचं नाव पडलं बिग मॅक. नंतर कळलं, की तो मुळात फिकट रंगाचा शॅरोले होता, काळ्या रंगाने रंगवलेला! १९९० च्या दशकात क्लेनब्युटेरॉल आलं. घोड्यांच्या श्वसनविकारावरचं हे औषध चरबी झडवतं आणि स्नायू फुगवतं. १९९४ च्या ओहायो राज्य प्रदर्शनातल्या विजेत्या जनावरांबाबत असा गैरप्रकार उघडकीला आला. डरहॅमच्या बैलाच्या मालकाला चरबी दाखवायची होती, यांना ती लपवायची होती.

आता अनेक ठिकाणी नोंदणीच्या वेळीच स्टिअरच्या ओल्या नाकाचा ठसा कागदावर घेतात. आपण सातबाऱ्यासाठी अंगठा देतो, तसाच. विजेत्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल येईपर्यंत बक्षिसाचा धनादेश कार्यालयातच राहतो.