स्ट्रेप्टोकॉकसमधील प्रतिजैविक प्रतिरोध

स्ट्रेप्टोकॉकस प्रजातीचे जीवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासे होणे. या प्रजातीविषयी सरसकट विधान करणे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी. घशाचा संसर्ग आणि त्यातून संधिज्वर घडवणारा 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस इतक्या दशकांच्या वापरानंतरही पेनिसिलिनला बळी पडतो. ही वैद्यकातील फार मोलाची गोष्ट आहे आणि ती जपायला हवी.

न्यूमोनिया घडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचे, म्हणजे न्यूमोकॉकसचे, तसे नाही. पेनिसिलिनला कमी दाद देणारा न्यूमोकॉकस 1967 मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदला गेला. 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेत अनेक औषधांना न जुमानणारे प्रकार आढळले. स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिन फोडणारे बीटा-लॅक्टमेज विकर तयार करत नाही. म्हणून त्या विकराला रोखणाऱ्या क्लॅव्युलॅनिक आम्लाची जोड देऊन हा प्रतिरोध मोडत नाही. येथे बदलते ते औषधाचे लक्ष्यच. पेशीभित्ती रचणाऱ्या ज्या प्रथिनांना पेनिसिलिन चिकटते, त्यांच्या जनुकांचे तुकडे न्यूमोकॉकस तोंडात-घशात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस मायटिससारख्या भावंडांकडून उचलतो आणि आपल्या जनुकांत बसवतो. परका डीएनए आत घेण्याची ही क्षमता ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांच्या 1928 च्या प्रयोगातून प्रथम लक्षात आली होती.

एरिथ्रोमायसिन, अॅझिथ्रोमायसिन या मॅक्रोलाइड औषधांबाबत मात्र 'अ' गटही सुरक्षित नाही. एर्म जनुकांची विकरे रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएवर मिथिल गट चढवतात. मग मॅक्रोलाइडसोबत क्लिंडामायसिनही निकामी ठरते. मेफ जनुकाचा पंप मॅक्रोलाइड पेशीबाहेर फेकतो, पण क्लिंडामायसिन चालू राहते. कधी एर्म जनुक सुप्त असते आणि एरिथ्रोमायसिनच्या सान्निध्यात जागे होते. ते ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत जीवाणूंच्या थरावर दोन्ही औषधांच्या चकत्या शेजारी ठेवतात. क्लिंडामायसिनभोवतीचे, जीवाणू न वाढलेले वर्तुळ एका बाजूने चपटे, इंग्रजी 'डी' अक्षरासारखे दिसले, तर प्रतिरोध आहे असे धरतात. फिनलंडमध्ये मॅक्रोलाइडचा वापर घटवल्यावर 'अ' गटातील एरिथ्रोमायसिन-प्रतिरोध 1992 मधील 16.5 टक्क्यांवरून 1996 मध्ये 8.6 टक्क्यांवर आला.

टेट्रासायक्लीनपासून रायबोसोमचा बचाव करणारे टेट(एम) जनुक अनेकदा एर्मसोबत एकाच फिरत्या जनुकखंडावर असते, त्यामुळे एका औषधाचा वापर दुसऱ्याचाही प्रतिरोध टिकवतो. फ्लुओरोक्विनोलोन या प्रतिजैविकांच्या गटाबाबत पार-सी आणि गायर-ए जनुकांतील उत्परिवर्तने कारणीभूत असतात.

प्रतिरोधी ठरवण्याची पातळी संसर्गाच्या जागेवरही अवलंबून असते. अमेरिकी निकषांनुसार मेंदूच्या आवरणाच्या दाहात न्यूमोकॉकसची वाढ रोखायला लागणारे पेनिसिलिन 0.06 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत असेल, तरच तो पेनिसिलिन-संवेदी मानला जातो. शिरेतून औषध द्यायच्या न्यूमोनियात ही मर्यादा 2 आहे, कारण मेंदूभोवतालच्या द्रवात औषध फार कमी पोहोचते.