एका ऑक्सिजनच्या अणूवर तरलेला जंत

मेंढीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढली की आतली त्वचा दिसते. निरोगी जनावरात ती लालसर असते. पोटात रक्त पिणारे जंत माजले असतील तर ती आधी गुलाबी, मग फिकट आणि शेवटी कागदासारखी पांढरी पडते. जबड्याखाली पाणी साचून पिशवीसारखी सूज लोंबू लागते. अशी मेंढी चरता चरता खाली बसते आणि पुष्कळदा पुन्हा उठत नाही.

या जंताचं नाव हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. तो राहतो मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात, म्हणजे तिच्या खऱ्या जठरात. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. भिंगाखाली धरली की रक्ताने भरलेलं तांबडं आतडं आणि त्याभोवती पीळ घातलेल्या पांढऱ्या अंडनलिका दिसतात, दोन रंगांचे पेड वळून केलेल्या दोरीसारख्या. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो, म्हणजे जेमतेम एक थेंब. पण एका मेंढीच्या पोटात पाच हजार जंत असू शकतात, आणि मग रोजचं रक्त पाव लिटर होतं.

या जंतावर औषधं आहेत, आणि ती आली तेव्हा खरोखर चमत्कार वाटावीत अशीच होती. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आलं. १९६४ पर्यंत त्याला दाद न देणारे जंत सापडलेही. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेल्या या औषधगटाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. तोवर कितीतरी कळपांत ते निकामी होऊन बरीच वर्षं लोटली होती. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे अगदी नव्या गटातलं औषध बाजारात आलं आणि २०१३ मध्ये त्याच देशातून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतांची बातमी आली. नवं औषध शोधायला दशकं लागतात आणि जंत त्यावर काही वर्षांत मात करतो. हे कसं होतं याचा सर्वांत स्वच्छ उलगडा थायाबेंडाझोलच्या कुळाबाबत झाला आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

पेशीच्या आत बारीक नळ्यांचं जाळं असतं. पेशीतला माल त्यांवरूनच इकडून तिकडे जातो. या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बनतात. औषध बीटा-ट्युब्युलिनच्या विटेला चिकटतं, पुढची वीट बसत नाही, नळ्या ढासळतात आणि जंत उपासमारीने मरतो. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी औषधाला बळी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या हिमॉन्कसच्या या प्रथिनाची तुलना केली. फरक निघाला तो साखळीतल्या २००व्या जागी. साध्या जंतात तिथे फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल होतं, चिवट जंतात टायरोसिन. डीएनएमध्ये पाहिलं तर टीटीसी या तीन अक्षरांचं टीएसी झालेलं. एक अक्षर बदललं, एवढंच. आणि या दोन अमिनो आम्लांच्या रेणूंत फरक किती? फक्त एका ऑक्सिजनच्या अणूचा. त्या एका अणूमुळे औषधाची पकड सुटते.

पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांनी पुरावा पक्का केला. मातीत राहणाऱ्या, निरुपद्रवी सूत्रकृमीची एक जात प्रयोगशाळेत सहज वाढते. तिच्यातल्या औषधाला न जुमानणाऱ्या वाणात त्यांनी साध्या हिमॉन्कसचं जनुक घातलं आणि तो वाण पुन्हा औषधाला बळी पडू लागला. २००व्या जागी टायरोसिन असलेलं जनुक घातलं, तेव्हा मात्र तो बळी पडेना.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट पुढेच आहे. मेंढीच्या स्वतःच्या बीटा-ट्युब्युलिनमध्ये, इतकंच काय तुमच्या-माझ्याही, २००व्या जागी टायरोसिनच असतं. औषध जंताला मारतं आणि मेंढीला सोडतं, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. चिवट झालेला जंत या एका जागी आपल्या यजमानासारखा होऊन बसतो! पिकांवरच्या बुरशीतही, याच कुळातल्या बुरशीनाशकांशी झुंजताना, याच प्रथिनातली हीच २००वी जागा किंवा तिच्याजवळची १९८वी बदललेली आढळते. सुटकेच्या वाटा मोजक्याच आहेत आणि जो तो त्यांवरच येऊन पोचतो.

औषधामुळे जंत ‘बदलतो’ असं सर्रास म्हटलं जातं. तसं होत नाही. हिमॉन्कसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पोटात अडीच हजार माद्या असलेली मेंढी रोज सव्वा कोटी किंवा त्याहून जास्त अंडी कुरणावर टाकते. डीएनएची नक्कल होताना एखाद्या नेमक्या अक्षराची चूक फारच क्वचित होते, पण कळपभर मेंढ्यांच्या अंड्यांमध्ये ती कुठे ना कुठे होतच राहते. औषध ती चूक घडवत नाही. औषध फक्त बाकीच्यांना मारून तिला वाट मोकळी करून देतं. हे बदललेलं अक्षर वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा उगवलं असल्याचंही डीएनएच्या अभ्यासातून दिसलं आहे. जनावरांची ने-आण झाली की ते एका कळपातून दुसऱ्यात पोचतं, ते वेगळंच.

आता थोडं गणित. जंताकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. या औषधाविरुद्धचा चिवटपणा बऱ्याच अंशी अप्रभावी असतो, म्हणजे पूर्ण मात्रेतून वाचायला दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. समजा, हजारातली एक प्रत बदललेली आहे. मग दोन्ही प्रती बदललेला जंत दहा लाखांत एखादाच सापडेल, पण एकच प्रत बदललेला जंत पाचशेत एक सापडेल. पूर्ण मात्रा दिली तर तोही मरतो. मात्रा कमी पडली तर तो वाचतो. वजन डोळ्यांनी ठरवून साऱ्या कळपाला एकच मात्रा पाजली की सर्वांत जड मेंढ्यांना औषध अपुरं पडतं आणि त्या पाचशेतल्या एकाला जीवदान मिळतं. मात्रा कळपातल्या जड मेंढीच्या वजनावरून ठरवा, हा सल्ला या गणितातून आला आहे.

दुसरी चूक जास्त दुखरी आहे, कारण ती तज्ज्ञांच्याच सल्ल्याने झाली. सगळ्या कळपाला औषध पाजा आणि लगेच स्वच्छ कुरणावर हलवा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ऐकायला अगदी शहाणपणाचं. पण औषधानंतर पोटात उरले ते फक्त चिवट जंत. नव्या कुरणावर पडणारी अंडी त्यांचीच. मेंढ्या तिथलं गवत खातात, त्यावरच्या अळ्या पोटात जातात, आणि पुढच्या पिढीत चिवटाची गाठ चिवटाशीच पडते. सारी संतती चिवट. जुन्या कुरणावर साध्या जंतांच्या असंख्य अळ्या असत्या, तर वाचलेल्या चिवटांचे जोडीदार बहुतेक साधे असते आणि संततीला एकच बदललेली प्रत मिळाली असती. पुढच्या पूर्ण मात्रेने ती मारता आली असती.

म्हणून औषधाचा वारा न लागलेले जंत ही कळपाची ठेव आहे. ती एकदा गेली की परत मिळवणं फार अवघड, कारण औषध थांबवल्यावर चिवटपणा आपोआप ओसरताना सहसा दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला पापणीच्या रंगांचा पाच छटांचा तक्ता इथे कामी येतो. ज्या मेंढीची पापणी फिकट तिलाच औषध, लाल असेल तिला नाही. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात, त्यामुळे आजारी जनावरं वाचतात आणि बाकीच्यांच्या पोटातले साधे जंत कुरणावर अंडी टाकत राहतात. ज्याने जंतांपायी मेंढ्या गमावल्या आहेत, त्याला काही जंत मुद्दाम जगू द्यायला सांगणं सोपं नाही, आणि त्याची ही अडचण रास्त आहे.

आयव्हरमेक्टिनची कथा इतकी सरळ नाही. ते जंताच्या मज्जातंतूंतल्या आणि स्नायूंतल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवतं, त्याने जंत लुळा पडतो. तेव्हा दोष त्या वाटांच्या जनुकांत असणार, किंवा औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांत, असं बरीच वर्षं मानलं गेलं. हिमॉन्कसमध्ये ते ठामपणे सिद्ध होईना. मग संशोधकांनी मेंढीच्या पोटातच चिवट आणि साध्या जंतांचा संकर घडवला, पिढ्यान्‌पिढ्या औषध दिलं आणि संततीचा अख्खा डीएनए वाचला. २०२० मध्ये हिमॉन्कसच्या सहाही गुणसूत्रांचा, सुमारे २८ कोटी अक्षरांचा सलग नकाशा हाती आला होता, तो इथे उपयोगी पडला. औषधाची खूण पाचव्या गुणसूत्राच्या एका भागात उमटली होती. २०२२ मध्ये त्या भागातल्या सीकेवाय-१ या जनुकाकडे बोट दाखवलं गेलं. ते इतर जनुकांचं काम कमी-जास्त करणारं जनुक आहे. पूर्वी संशय होता त्या यादीत ते नव्हतंच.

नेमकं अक्षर कळल्याने काय साधतं, ते लेंड्यांच्या तपासणीत दिसतं. औषध देण्यापूर्वी आणि दिल्यावर साधारण दोन आठवड्यांनी लेंड्यांतली अंडी मोजतात. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर चिवटपणाचा संशय धरतात. पण सुमारे पाव जंत चिवट होईपर्यंत ही मोजणी भरवशाने काही सांगत नाही. थायाबेंडाझोलच्या कुळासाठी मात्र लेंड्यांतल्या अंड्यांचा डीएनए काढून २००वी जागा थेट वाचता येते. शंभरातले थोडेच जंत बदललेले असले तरी ते तिथे दिसतात, औषध अजून काम करत असतानाच. आयव्हरमेक्टिनसाठी अशी चाचणी करायची तर आधी वाचायचं अक्षर नक्की व्हायला हवं. पाचव्या गुणसूत्रावरचा शोध त्यासाठीच चालला आहे.