घामेजलेली बाहुली

दिवाळीच्या आवराआवरीत ताईने माळ्यावरून तिची लहानपणची बाहुली काढली. अंग चिकट, गालांवर तेलकट थेंब, त्यावर धुळीचं पुट. एक हात खांद्यातून निखळलेला. शाळेत असताना ताईने तिच्या कानांत मोती ओवलेल्या पितळी टाचण्या टोचल्या होत्या, त्यांच्याभोवती हिरवी वर्तुळं उमटलेली. ताई नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा घेऊन बसली होती आणि दाजींनी हातासाठी झटपट चिकटणारा गोंद आणला होता. मी दोघांनाही थांबवलं. का थांबवलं ते समजावण्यात अख्खी दुपार गेली, तेच इथे लिहितो.

आपण हिला ‘रबरी बाहुली’ म्हणतो, पण अशा बहुतेक बाहुल्यांत रबर नसतं. त्या पीव्हीसीच्या, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या असतात. पाण्याचे कडक पाइपही त्याच पीव्हीसीचे. मग पाइप कडक आणि बाहुलीचा गाल मऊ, हे कसं?

पीव्हीसीचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. साखळीतल्या एकाआड एक कार्बनवर क्लोरीनचा अणू बसलेला असतो. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे साखळीवर कुठे किंचित ऋण तर कुठे किंचित धन भार तयार होतो आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. नुसत्या पीव्हीसीतली ही पकड सुमारे ८० अंश सेल्सिअसला सैल होते. या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या खाली साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या, वर गेलं की सरकायला मोकळ्या.

आता या साखळ्यांमध्ये तेलकट द्रव मिसळला तर? शिजवून निथळलेल्या शेवयांचा गोळा होतो, पण चमचाभर तूप लावलं की त्या सुट्या होतात, तसंच इथे घडतं. द्रवाचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांची पकड सैल करतात. काचसंक्रमण तापमान खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतं, म्हणजे साध्या हवेतही साखळ्या सरकू शकतात. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. जुन्या खेळण्यांत तो बहुधा थॅलेट गटातला असे, आणि मऊ पीव्हीसीत त्याचं प्रमाण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही असू शकतं. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात त्याने पीव्हीसी तापवलं आणि हाती आला तो हा मऊ, लवचीक पदार्थ.

बाहुलीचं सगळं दुखणं एका गोष्टीत आहे: प्लास्टिसायझर साखळीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो नुसता मध्ये राहतो, म्हणून वाट मिळाली की निघतो. हे आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेलं आहे. कंपासपेटीत पांढरा खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला लागून राहिला की सुट्टीनंतर दोन्ही एकमेकांना चिकटलेले असत आणि पट्टीवर खळगा पडलेला असे. खोडरबरातला प्लास्टिसायझर पट्टीत शिरून तिला विरघळवत होता. प्लास्टिकच्या फायलीत ठेवलेल्या झेरॉक्सची अक्षरं फायलीवर उमटतात, तेही याच कारणाने.

बाहुलीच्या बाबतीत तो हवेकडे निघतो. डीईएचपी या नेहमीच्या थॅलेटचा उत्कलनबिंदू ३८० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तो पृष्ठभागावर येतो पण तिथून उडून जायला फार वेळ लावतो. तोवर त्याचा पातळ थर साचून राहतो. तोच हा घाम. तो थर आहे तोवर आतल्या द्रवाची बाहेर यायची ओढ मंदावलेली असते. थर पुसला की आतून नवा द्रव झिरपू लागतो. म्हणजे ताई मळ समजून जे पुसायला निघाली होती, ती बाहुलीची स्वतःचीच मऊपणाची शिदोरी होती. अपोलो मोहिमांच्या अंतराळपोशाखांतल्या पीव्हीसी नळ्याही संग्रहालयात ठेवल्या असताना अशाच घामेजल्या.

बाहुली रडते, बाहुलीला घाम फुटतो, म्हणून घरात भानामती झाली असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या भीतीवर पैसे कमावणारीही. कुणाच्या घरी असं झालं तर त्यांना पट्टी आणि खोडरबर दाखवा.

मग करायचं काय? रिमूव्हर, थिनर, स्पिरिट यांतलं काहीही लावायचं नाही. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन पीव्हीसीला फुगवतं आणि डोळ्या-ओठांचा रंग उतरवतं. स्पिरिट प्लास्टिसायझर ओढून काढतं, मग ती जागा कडक होऊन तडकते. धूळ काढायला कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब आणि पिळलेलं सुती फडकं पुरतं. आधी पाठीवर, न दिसणाऱ्या जागी करून पाहायचं. घासायचं नाही, आणि चकाकेपर्यंत तर नाहीच. अख्खी बाहुली पाण्यात बुडवायची नाही, कारण मिटणाऱ्या डोळ्यांच्या आतले धातूचे भाग गंजतात.

दाजींचा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचा. हवेतल्या ओलाव्याने तो क्षणात घट्ट होतो, पण होतो तो काचेसारखा ठिसूळ. मऊ हात वाकला की जोड उलतो. शिवाय प्लास्टिसायझर जोडात झिरपून पकड सोडवतो, आणि गोंदाच्या वाफेची पांढरी झाक आजूबाजूला बसते ती वेगळीच. तडकलेल्या जागी वाळलेला गोंद खरवडून काढणं म्हणजे बाहुली खरवडणं. ताईच्या बाहुलीचा हात मुळात तुटलेला नव्हता. खांद्याच्या भोकात अडकणारी त्याची कड बाहेर आली होती. हाताचं तेवढं टोक कडकडीत, पण उकळतं नव्हे, अशा पाण्यात दोन-तीन मिनिटं धरलं, कड मऊ झाली, टिपून घेतली आणि दाबून आत बसवली. गार होताच हात पूर्वीसारखा फिरू लागला.

कानांचा हिरवेपणा मात्र तसाच ठेवला. पितळेतल्या तांब्याची हिरवी संयुगं प्लास्टिकच्या आत पसरलेली असतात, वरून घासून ती जात नाहीत. मुरुमांवरच्या बेंझॉइल पेरॉक्साइडच्या मलमाने डाग घालवून दाखवणारे व्हिडिओ खूप फिरतात. ते मलम डागाबरोबर बाहुलीचा मूळ रंगही उडवू शकतं, आणि हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. आम्ही टाचण्या काढल्या आणि थांबलो.

ठेवायची कशात, हे सर्वांत महत्त्वाचं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात झालेल्या संशोधनात दिसलं, की मऊ पीव्हीसी बंद काचेच्या भांड्यात ठेवलं तर प्लास्टिसायझर जायचा वेग कमी होतो. पॉलिथिनची पिशवी उलट तो शोषून घेते. म्हणून काचेची झाकणाची बरणी, अंधार, गारवा, आणि शेजारी दुसरं प्लास्टिक नको.

पण बाहुली आजीच्या काळातली, पातळ, टणक सेल्युलॉइडची असेल तर बरणी अजिबात नको. ओळखायला सोपं आहे: बोटाने जरा चोळून वास घ्या, कापराचा येईल. तिच्यात प्लास्टिसायझर म्हणून कापूरच घातलेला असतो, आणि देवघरातल्या उघड्या डबीतल्या कापरासारखा तोही उडून जातो. सेल्युलॉइड जुनं झालं की नायट्रोजनची आम्लधर्मी ऑक्साइडं सोडतं. ती कोंडली तर बाहुली आणखी लवकर कुजते, म्हणून तिला वारा लागेल अशी, इतर खेळण्यांपासून दूर ठेवायची. आणि समई-निरांजनाच्या जवळपासही न्यायची नाही, सेल्युलॉइड भडकन पेटतं.